दालाशीच्या माथ्यावरचा पुतळा

अपोलॉन जेवायला बसला की मुर्झाकान गुलबानी मान फिरवून दुसरीकडे बघायचा. हा माणूस तोंड उघडं ठेवून चावायचा, चावता चावता बोलायचा आणि बोलण्याच्या भरात चरबीनं माखलेली बोटं शेजाऱ्याच्या बाहीला पुसायचा. लेमझेर गावातल्या त्याच्या पहिल्या जेवणाला शेजारी मुर्झाकानच बसला होता. बायकोनं हातानं विणलेला लोकरीचा सदरा, आणि त्याच्या बाहीवर चार बोटांचे तेलकट पट्टे. अपोलॉनला पत्ताच नव्हता. तो दालाशीबद्दल बोलत होता.

"उद्यापासून हा डोंगर तुमच्या एकट्यांचा राहिला नाही बरं का," तो टेबलाभोवतीच्या सगळ्या पुरुषांना म्हणाला. "आता तो साऱ्या देशाचा. त्याच्या डोक्यावर आपण थोर नेत्याचं डोकं बसवणार!" आणि स्वतःच्याच कोटीवर तो इतका हसला की मांसरोटीचे कण समोरच्यांच्या पेल्यांत जाऊन पडले.

तो राजधानीतून आला होता. कुठल्याशा क्रीडासमितीत बडा साहेब होता. बरोबर एक फोटोवाला होता आणि पेंढ्यात गुंडाळून आणलेला ओतीव धातूचा अर्धपुतळा, धडधाकट मेंढ्याएवढ्या वजनाचा. नेत्याचा वाढदिवस जवळ आला होता. त्याच्या आत पुतळा माथ्यावर पोचायचा, फोटो निघायचा आणि तो वर्तमानपत्रात छापून यायचा, असा हुकूम होता.

गावात कुणी 'नाही' म्हणालं नाही. त्या काळात म्हणतच नव्हते. शिवाय डोंगरावर काहीबाही घेऊन जाणारे लोक लेमझेरला नवे नव्हते. मुर्झाकानच्या आजोबांच्या वेळी टोपीवाले इंग्रज आले होते. त्यांनी हिमनद्या ओलांडायला गावची माणसं घेतली, खिंडीपर्यंत ओझी वाहून घेतली आणि तिथून पुढे 'तुम्ही थांबा' म्हणून एकटे वर गेले. आजोबा सांगायचे, "साहेबाचं नाव झालं, त्याची दोन बोटं गेली. माझं नाव झालं नाही, बोटं शाबूत आहेत. मी काही तोट्यात नाही." पण साहेब चढले ते धाकट्या शिखरावर. थोरल्या माथ्यावर पहिलं पाऊल पडलं ते मुर्झाकानच्या काकाचं. सोरेखान काका आणि त्याचा मेहुणा कुणालाही न सांगता गेले, आणि परत येऊन सांगितलं तर गाव हसलं. दोघं तस्सेच उलटे फिरले, पुन्हा चढले, आणि वर खांब रोवून त्याला काळा नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा झगा टांगून आले. हवा स्वच्छ होती. गवत कापणाऱ्या बायकांनी मान वर करून पाहिलं आणि विळे खाली ठेवले.

तेव्हापासून गुलबानी घराण्यातला पुरुष दालाशीवर चढला नाही असं झालं नाही. मुर्झाकान तर कितीदा जाऊन आला होता. म्हणूनच अपोलॉननं वाटाड्या म्हणून त्याला निवडलं. बरोबर चुलतभाऊ गोजी आणि धाकट्या बहिणीचा, त्सिउरीचा नवरा जुंबेर. जुंबेर बैलासारखा ताकदवान होता, स्वभावानं गरीब, आणि मोठ्या माणसानं पाठीवर थाप मारली की विरघळणारा. पुतळा त्याच्याच पाठीवर बांधला.

"जावईबापू," गोजी त्याला म्हणाला, "जपून हो. नेते मागून तुझ्या मानेवर श्वास सोडताहेत."

"हळू बोल," जुंबेर घाबरून म्हणाला.

पहिले दोन दिवस बर्फाच्या नदीवरच गेले. अपोलॉन चालत कसला होता, त्याला ओढावं लागत होतं. दर भेगेपाशी तो बसकण मारायचा, डबाबंद मांस उघडायचा आणि रिकामा डबा भेगेत भिरकावून तो तळाला आपटल्याचा आवाज ऐकत बसायचा. तंबूच्या दारातच लघवीला बसायचा. सकाळी त्याच पिवळ्या बर्फाशेजारून चहासाठी बर्फ उचलायला लागला तेव्हा मुर्झाकाननं त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"एवढा काय सोवळा रे तू?" अपोलॉन हसला.

लांब जाऊन मुर्झाकाननं स्वच्छ बर्फ आणलं. चार दिवसांचा प्रश्न आहे, असं तो स्वतःला समजावत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खिंडीत पोचले. तिथून डावीकडची धार थेट थोरल्या माथ्याकडे जाते. पश्चिमेला मात्र डोंगर एकदम तुटलेला आहे, खालची हिमनदी धुक्यात बुडलेली. सगळे दम घेत उभे होते. इतक्यात गोजीनं हात वर केला.

"ऐकलंत?"

"वारा आहे," अपोलॉन म्हणाला.

"वाऱ्याला युक्रेनी बोलता येत नाही, कॉम्रेड."

मुर्झाकान कड्याच्या तोंडाशी पालथा पडला आणि त्यानं खाली पाहिलं. चांगलं खोल, खडकाच्या एका अरुंद फळीवर दोन माणसं होती. एक बाई बसलेली, एक पुरुष आडवा. पुरुषाचा एक पाय नको त्या दिशेला वळलेला. मुर्झाकाननं ओरडून विचारलं, बाईनं ओरडून उत्तर दिलं. कीव्हकडचे गिर्यारोहक होते. पश्चिमेच्या भिंतीवरून नवी वाट काढत येत होते. आदल्या दिवशी वरून दगड सुटले, त्यात ओस्तापची मांडी मोडली आणि दोर तुटला. तिचं नाव लेस्या. तिच्या हातांना काही कळेनासं झालं होतं.

मुर्झाकान उठला. "दोन्ही दोर इथं जोडायचे," तो म्हणाला. "मी आणि गोजी खाली उतरतो. जुंबेर, तू वर थांब, दोर ओढायला तूच पाहिजेस. कॉम्रेड आणि फोटोवाले तुझ्या मागे धरतील. पाच माणसं आहोत, संध्याकाळच्या आत दोघंही वर येतील."

जुंबेरनं पाठीवरचे पट्टे सोडायला हात घातला.

"थांब," अपोलॉन म्हणाला. "आधी माथा."

"काय?"

"आज हवा चांगली आहे, उद्याचं कोण सांगणार? आज फोटो निघाला नाही तर वाढदिवसाला पोचणार नाही. आधी पुतळा बसवू. येताना बघू यांचं."

"येताना?"

"अरे, ती माणसं काय पळून जाणार आहेत?"

मुर्झाकानला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. त्यानं त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात सकाळच्या मांसाचा तुकडा वाळून चिकटला होता. तो माणूस चिडलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. दुकान बंद व्हायच्या आत साखर आणायची आहे, अशा सुरात तो बोलत होता.

"जुंबेर, दोर सोड."

"दोर पुतळ्यासाठी मिळालाय," अपोलॉन म्हणाला. "आणि जुंबेर, क्रीडा-उस्ताद या सरकारी किताबासाठी तुझ्या नावाची शिफारस कोण करणार आहे, आठवतंय ना? आणि नाही केली तर दुसरंही काही लिहिता येतं मला. नेत्यांना वाटेत बर्फात टाकून गेला, असं."

जुंबेरचा चेहरा पांढरा पडला. तो एकदा मेहुण्याकडे, एकदा साहेबाकडे बघत राहिला. सोडलेला पट्टा त्यानं पुन्हा बांधला.

"दादा," तो खालमानेनं म्हणाला, "तुम्ही उतरा. मी पुतळा ठेवून लगेच येतो. पळत येतो."

मुर्झाकान बर्फावर थुंकला. एक दोर खांद्यावर टाकून तो गोजीला घेऊन कड्याकडे गेला. मागं वळून पाहिलं नाही. ते तिघं धारेवरच्या पहिल्या सुळक्याला वळसा घालून दिसेनासे झाले.

एका दोरावर दोन माणसांनी काय करायचं? फळीपर्यंत उतरण्यातच बराच वेळ गेला. ओस्ताप शुद्धीवर होता. लालसर दाढीचा, जेमतेम पंचविशीतला. मुर्झाकानला बघून तो म्हणाला, "आधी हिला न्या. हिची बोटं जातील. मी मजेत आहे, माझ्याकडे बिछाना आहे." आणि हातानं खालचा दगड थोपटला.

लेस्याला दोघांनी आळीपाळीनं पाठीवर बांधलं, हातभर चढायचं, दोर अडकवायचा, पुन्हा हातभर. खिंडीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. जुंबेर आला नव्हता. मुर्झाकान धारेकडे तोंड करून त्याच्या नावानं ओरडला. उत्तर नाही. लेस्याचे दात वाजायचे थांबले होते आणि ती झोपते म्हणत होती. तिला खिंडीत ठेवणं म्हणजे मारणं होतं. मुर्झाकाननं आपला नमद्याचा झगा आणि उरलेली दारू दोरानं ओस्तापकडे सोडली.

"उजाडलं की येतो," तो खाली ओरडला. "आणि त्याआधी आमची वरची माणसं इथूनच उतरतील. त्यांना हाक मार!"

"मारतो! गाणं म्हणू का?"

"म्हण!"

लेस्याला घेऊन ते हिमनदीवरच्या तंबूंपाशी उतरले. पहाट फुटताच दोघं पुन्हा वर गेले. खिंडीत पावलांचे ठसे वाऱ्यानं पुसून गेले होते. मुर्झाकाननं हाक मारली, मग गोजीनं मारली. मग दोघं खाली उतरले. ओस्ताप झगा पांघरून बसला होता, तोंड वर, खिंडीकडे. पापण्यांवर बर्फ जमलं होतं.

अपोलॉन, फोटोवाला आणि जुंबेर त्यांच्या आधीच गावात पोचले होते. जुंबेरनं सांगितलं की पुतळा बसवला, पण माथ्यावर ढगांनी घेरलं, म्हणून खिंडीकडे न येता पूर्वेच्या सोंडेवरून उतरावं लागलं. सांगताना तो मुर्झाकानकडे बघत नव्हता. मुर्झाकानला वाटलं, लाजतोय. लाजलाच पाहिजे.

पुढे जे झालं ते डोंगरापेक्षा वाईट होतं. अपोलॉननं चौकात टेबलं मांडायला लावली. बैल कापला. ओस्ताप शाळेच्या खोलीत बाकांवर निजवलेला होता, त्याच्या भोवती बर्फाच्या पाट्या ठेवलेल्या, आणि बाहेर गावचे म्हातारे रडगीत सुरू करायला गोळा झाले होते. अपोलॉननं निरोप पाठवला की फोटो होईपर्यंत जरा थांबा, रडण्याचा आवाज आला की लोकांचे चेहरे पडतात. लेस्याला त्यानं मधोमध बसवलं. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत कापडात गुंडाळलेले होते. अपोलॉन पेला घेऊन उभा राहिला.

"महान नेत्याच्या पुतळ्याला माथ्यावर नेणाऱ्या तुकडीनं वाटेत या शूर युवतीचे प्राण वाचवले!" तो गरजला आणि तिचा गुंडाळलेला हात धरून त्यानं वर केला. लेस्या किंचाळली. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

मुर्झाकान उठला, शाळेच्या भिंतीमागे गेला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. गोजी त्याच्या मागे आला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दारू चढली म्हणून सांगू?" गोजीनं विचारलं.

"माणूस चढला म्हणून सांग," मुर्झाकान म्हणाला.

रस्ता दरड पडून बंद झाला होता, उन्हाळा होता, म्हणून ओस्तापला लेमझेरच्याच कबरस्तानात पुरलं. जुंबेर क्रीडा-उस्ताद झाला. मुर्झाकान पुन्हा दालाशीवर गेला नाही. लोक विचारायचे तेव्हा तो म्हणायचा, गुडघा दुखतो.

पुढच्या ऑगस्टपासून ओस्तापची आई येऊ लागली. मेलानिया तिचं नाव. पोल्तावाजवळच्या खेड्यातली विधवा, एकुलता एक मुलगा. आगगाडीनं, मग मालट्रकनं, शेवटी बैलांच्या घसरगाडीत बसून ती यायची, गाठोड्यात खसखशीची पोळी आणि वाळवलेली फळं घेऊन. कबरस्तानाला लागून घर त्सिउरीचं, म्हणून ती तिथेच उतरायची. जुंबेर तिच्यासाठी काय काय करायचा! कबरीभोवती कुंपण घातलं, दरवर्षी ते रंगवलं, तिला हाताला धरून चढावर नेलं. ती त्याला 'बाळा' म्हणायची, येता-जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. त्सिउरी भावाला म्हणायची, "दादा, तू त्याच्यावर उगाच डूख धरून बसलायस. आतून बघ, तो किती चांगला आहे." मुर्झाकान म्हणायचा, "असेल."

अशी दहाएक वर्षं गेली. नेता केव्हाच मेला होता. आता मेलेल्या नेत्याचेही दिवस फिरले, चौकाचौकातले पुतळे उतरू लागले. आणि एका जूनमध्ये सरकारी जीपमधून अपोलॉन पुन्हा लेमझेरला आला.

तो जाड झाला होता, नवी टोपी होती, दोन दात सोन्याचे होते. तो सरळ त्सिउरीच्या घरी गेला. तिनं पाहुणा म्हणून मांसरोटी केली, आणि त्यानं मुर्झाकानला बोलावून घेतलं.

"त्या वेळी आपल्या सगळ्यांची फसवणूक झाली होती," रोटी चावत तो म्हणाला. सूर अगदी तोच, साखर आणायला निघाल्याचा. "तो माणूस राक्षस होता! मला तर आधीपासून संशय होता. असो. तो पुतळा वरून काढायचा हुकूम आहे."

"ज्यांनी चढवला त्यांनी उतरवावा," मुर्झाकान म्हणाला.

"अगदी बरोबर. पण जुंबेरचं वजन वाढलंय, माझं हृदय नाजूक आहे. आणि तुम्हाला चढायचीही गरज नाही हो! उद्या चौकात गावासमोर एवढंच सांगायचं की मी जाऊन पुतळा दरीत ढकलून आलो. तुमच्या शब्दाला किंमत आहे. वरून तपासायला कोण येतंय?"

मुर्झाकान म्हणाला, "खोटं कशाला? जातो ना मी. गुडघा दुखला तरी जाईन. त्या डोक्याला लाथ घालायला मला आवडेल."

चुलीपाशी बसलेला जुंबेर एकदम म्हणाला, "दादा, नको जाऊस."

"का?"

"नको जाऊस एवढंच."

"अरे, का?"

"वर काही नाहीये."

त्सिउरी पीठ मळत होती, तिचे हात थांबले. जुंबेर जमिनीकडे बघून बोलू लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. ते माथ्यावर गेलेच नव्हते. पहिल्या सुळक्याला वळसा घातल्यावर अपोलॉन खाली बसला, पुढे यायला तयार होईना. तिथं बर्फाचा एक उंचवटा होता. त्यावर पुतळा ठेवला. फोटोवाला खाली आडवा झाला, म्हणजे मागं नुसतं आभाळ यावं. फोटो झाल्यावर पुतळा कुणाला सापडू नये म्हणून भेगेत ढकलला. मग तिघं आडोशाला बसून राहिले, कारण लवकर उतरले असते तर संशय आला असता.

"बसून राहिलात," मुर्झाकान म्हणाला. "किती लांब होतात खिंडीपासून?"

जुंबेर चुलीतली राख काडीनं उकरत राहिला.

"मग काय बिघडलं?" अपोलॉन दोघांकडे बघून हसला. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "उलट बरंच झालं की! पुतळा वर नाहीच, म्हणजे तो काढल्यासारखाच आहे. काम आधीच झालेलं आहे!"

त्यानं रोटीचा पुढचा तुकडा उचलला. त्सिउरी पिठाच्या हातांनी आली आणि तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. ताट घेऊन अंगणात गेली आणि सगळं कुत्र्यापुढे ओतलं. परत येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तिनं दरवर्षी माझ्या घरात जेवायचं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुला बाळा म्हणायचं. आणि तू तिच्या मुलाचं कुंपण रंगवायचास. मी शेजारणींना सांगत फिरायची, माझा नवरा कसा. मला माझ्याच तोंडाची किळस यायला लागलीय, जुंबेर."

"त्सिउरी, मला भीती वाटली होती—"

"भीती एक दिवस वाटते. दहा वर्षं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव चौकात जमलं. अपोलॉननं रात्रीत बेत बदलला होता. मुर्झाकान नाही तर जुंबेर. पुतळा मी दरीत ढकलून आलो असं जुंबेर सांगेल. जुंबेर पुढे आला. तेवढ्यात गर्दीतून त्सिउरी आली. तिच्या हातात कापडात गुंडाळलेली जग्रागची, म्हणजे संत जॉर्जची तसबीर होती. देऊळ बंद होऊन किती वर्षं झाली होती, पण तसबिरी कुणाच्या कणगीत आहेत हे गावाला ठाऊक होतं, आणि शपथ अजून तिच्यावरच होत असे. तिनं कापड सोडलं आणि तसबीर नवऱ्यासमोर धरली.

"हात ठेव आणि सांग," ती म्हणाली. "तू दालाशीच्या माथ्यावर पुतळा ठेवलास. हात ठेव."

"हे काय अंधश्रद्धेचं—" अपोलॉन पुढे झाला. गोजी त्याच्या आडवा आला. मग त्याच्या शेजारी आणखी एक जण येऊन उभा राहिला.

जुंबेरचा हात वर गेला आणि तसबिरीला न टेकता खाली आला. लेमझेरमध्ये जन्मलेला माणूस त्या तसबिरीवर हात ठेवून खोटं बोलत नाही. तो भर चौकात गुडघ्यांवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, उंचवटा, फोटो, भेग, सगळं. म्हातारे ऐकत होते. सोरेखान काकाबरोबर चढलेला मेहुणा अजून जिवंत होता, काठीवर रेलून. तो फक्त "श्शी" म्हणाला आणि घराकडे चालू लागला. एकेक करून सगळे गेले. अपोलॉनच्या अंगावर कुणी धावून गेलं नाही, शिवी दिली नाही. विष्ठेला वळसा घालावा तसे लोक त्याला वळसा घालून गेले. जीपच्या चालकानंसुद्धा दार उघडून दिलं नाही, त्याचं त्यालाच उघडावं लागलं.

त्याचं काही वाकडं झालं नाही. पुढल्या वर्षी त्याला बढती मिळाल्याचं कळलं. जुंबेरकडे मात्र कुणी गवत कापायला, लाकडं ओढायला जाईना. लग्नाच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायच्या. त्सिउरीनं त्याला घराबाहेर काढलं नाही, पण त्याचं ताट ती वेगळं घासायची, राखेनं.

ऑगस्ट आला. मेलानिया येणार होती. तिला सांगायचं की नाही, यावर गोजीचं मत पडलं की म्हातारीला कशाला छळायचं. मुर्झाकानला काही सुचत नव्हतं. त्सिउरी म्हणाली, "ती माझ्या घरात माहीत नसताना एक घासही खाणार नाही आता."

म्हातारी आली, गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, आणि नेहमीसारखे जुंबेरच्या डोक्याकडे हात नेले. तो मागे सरला. त्सिउरीनं तिला अंगणातल्या बाकावर बसवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुर्झाकान कुंपणाला टेकून ऐकत होता. संपल्यावर मेलानियानं जुंबेरकडे पाहिलं.

"तुम्ही पूर्वेकडून उतरलात ना?" तिनं विचारलं. "मला तू तसं सांगितलं होतंस."

जुंबेर म्हणाला, "नाही, माई. पूर्वेच्या सोंडेवर जायला आधी माथा गाठावा लागतो. खिंडीतूनच उतरलो, रात्री, तंबूंना वळसा घालून."

मुर्झाकान कुंपणापासून सरळ झाला. हे जुंबेरनं चौकात सांगितलं नव्हतं.

"मग तो होता तिथं," म्हातारी म्हणाली.

"होता."

"जिवंत?"

"गात होता. आमची चाहूल लागल्यावर थांबला आणि विचारलं, कोण आहे? पुन्हा विचारलं, कोण आहे? माझ्या खांद्यावर दोर होता, माई. अपोलॉननं माझा दंड धरला आणि तोंडावर बोट ठेवलं. आम्ही बूट न वाजवता गेलो."

मेलानिया उठली. पन्हाळीपाशी जाऊन तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. पुन्हा भरली. मग हात धुवायला लागली, कोपरापर्यंत, बोटांच्या मधे, नखांच्या खाली, दहा वर्षं त्या डोक्यावरून फिरवलेले हात. त्सिउरी साबण घेऊन धावली. म्हातारीनं तो घेतला आणि धूत राहिली.

जुंबेर तिथंच उभा होता. ती त्याच्याशी बोलेल, निदान शिव्या देईल, म्हणून तो वाट बघत होता. तिनं हात घागऱ्याला पुसले आणि त्सिउरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. पण या उंबऱ्याच्या आत आता मला जाववणार नाही."

"माझं घर वरच्या अंगाला आहे, माई," मुर्झाकान म्हणाला. "चढ आहे थोडा."

"चढेन," ती म्हणाली.

मुर्झाकाननं गाठोडं उचललं. वाटेत कबरस्तानाशी ती थांबली आणि कुंपणाचे रंगवलेले दांडे एकेक करून हलवून बघू लागली.

"हे काढायचं आहे," ती म्हणाली. "सगळं. हत्यार आहे तुझ्याकडे?"

"आणतो," मुर्झाकान म्हणाला, आणि पहार आणायला घराकडे गेला.